इंटर्न आले, काम कुठाय?

आमची लॅब कॅलिब्रेशनची. कारखान्यांतली मोजमापाची उपकरणं आमच्याकडे येतात: मायक्रोमीटर, व्हर्निअर, प्रेशर गेज, थर्मामीटर. ती खरं बोलतात की खोटं, हे आम्ही आमच्या मास्टर उपकरणांशी ताडून लिहून देतो. माणसं अठ्ठावीस. मी गुणवत्ता विभाग बघते, म्हणजे कागद बघते, आणि ज्या कामाला मालक नाही ते काम शेवटी कागद बघणाऱ्याच्या टेबलावर येऊन पडतं. इंटर्नशिपही तशीच आली.

आमचे संचालक एका कॉलेजच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून गेले आणि तिथल्या उत्साहात ‘आम्ही चार विद्यार्थी घेतो’ असं सांगून आले. मला कळलं तेव्हा मुलं यायला तीन आठवडे उरले होते. मी विचारलं, ‘ती करणार काय?’ ते म्हणाले, ‘शिकतील. लॅबमध्ये शिकण्यासारखं काय कमी आहे?’ ते खोटं नव्हतं, म्हणून तर मी पुढे काही बोलले नाही.

चौघं आली. टेबलं दोनच रिकामी होती. कॉम्प्युटरचे लॉगिन सहाव्या दिवशी मिळाले. पहिल्या दिवशी काय द्यायचं म्हणून मी त्यांच्या हातात आमचं क्वालिटी मॅन्युअल दिलं आणि ‘वाचून घ्या’ म्हटलं. ते मॅन्युअल मीच लिहिलंय, त्यामुळे ते किती कंटाळवाणं आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मुलांनी चार दिवस ते वाचलं. पाचव्या दिवशी एकाने येऊन विचारलं, ‘मॅडम, पुन्हा वाचू का?’

त्यातच ऑडिट जवळ आलं होतं. प्रत्येक जण घाईत. मुलं कुणाच्या तरी मागे जाऊन उभी राहायची, दहा मिनिटं बघायची, मग त्या माणसाला फोन यायचा आणि ती पुन्हा माझ्या दारात. मी त्यांना स्टिकर छापायला दिले, झेरॉक्स काढायला दिल्या, आलेले गेज पुसायला दिले. तिसऱ्या आठवड्यात एक जण आजारी आईचं कारण लिहून गेला. कारण खरं असेलही. पण मी त्याच्या जागी असते तर मीसुद्धा कुणाला तरी आजारी पाडलं असतं.

शेवटच्या दिवशी त्यांच्यातल्या एका मुलीला मी विचारलं, काय शिकलीस? ती जरा घुटमळली. मग म्हणाली, ‘मॅडम, खरं सांगू? चार आठवडे मला वाटत होतं आपण ही उपकरणं दुरुस्त करतो. मग कळलं, आपण फक्त त्यांची चूक किती आहे ते सांगतो.’ आठ आठवड्यांतले चार आठवडे. आमच्या धंद्याची पहिली ओळ तिला कुणी सांगितली नव्हती, कारण ती सांगायची असते हेच आमच्या डोक्यात नव्हतं.

त्याच संध्याकाळी कॉलेजचा मूल्यमापनाचा फॉर्म भरायला घेतला. पुढाकार, तांत्रिक ज्ञान, संवाद, वक्तशीरपणा, प्रत्येकाला पाचपैकी गुण. वक्तशीरपणा सोडला तर एकाही रकान्याबद्दल मला काही माहिती नव्हती. मी सगळीकडे चार आणि पाच लिहिले. दुसऱ्यांच्या रिपोर्टमध्ये न घेतलेलं वाचन, म्हणजे न मोजलेला आकडा, लिहिलेलं सापडलं तर मी आकांडतांडव करते, आणि इथे तेच करत बसले होते. ही गोष्ट मला फार लागली.

पुढच्या वर्षीसाठी मी एकच अट घातली: कामं आधी ठरतील, मुलांची संख्या त्यावरून ठरेल. कामं शोधायला मी एक खोका ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, वर्षभरात ‘हे एकदा करायला हवं’ असं ज्याच्याबद्दल तुम्ही म्हणालात आणि वेळ मिळाला नाही, ते चिठ्ठीवर लिहा. एकतीस चिठ्ठ्या आल्या. (एकीवर ‘कॅन्टीनचा पंखा’ असं होतं.) मग दोन दुपारी बसून त्या गाळल्या. प्रश्न साधे होते. दहा आठवड्यांत हे पुरं होईल का? नाही झालं तर लॅबचं काही अडेल का? अडणार असेल तर ते विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकायचं नाही. झाल्यावर ते वापरणारा माणूस कोण, त्याचं नाव सांगा. आणि या कामात अडलं तर उत्तर देणारं कुणी आपल्याकडे आहे का?

या शेवटच्या प्रश्नाने सर्वात जास्त चिठ्ठ्या खाल्ल्या. ‘नवीन सॉफ्टवेअर बनवून घ्यावं’ अशा चार होत्या. आमच्याकडे सॉफ्टवेअर लिहिणारं कुणी नाही. मुलाने काही बनवलंच तर तो गेल्यावर ते उघडणारंही कुणी नाही. काही चिठ्ठ्या नुसतीच हमाली होती: जुन्या ग्राहकांचे पत्ते टाइप करणं वगैरे. त्या मी बाजूला काढल्या, पण फेकल्या नाहीत. थोडी हमाली प्रत्येक कामात असते आणि मुलांना तीही दिसावी; मात्र दिवसाचा मोठा भाग तिच्यात जायला लागला तर त्याला इंटर्नशिप म्हणू नये, स्वस्तातला मजूर म्हणावं.

उरल्या पाच. त्यांतली एक मला स्वतःला फार आवडली. आमच्या मास्टर उपकरणांना दर ठरावीक काळाने वरच्या लॅबकडून प्रमाणित करून आणावं लागतं. त्यांची आठ वर्षांची सर्टिफिकेटं कपाटात फायलींमध्ये होती. प्रत्येक मास्टर वर्षागणिक किती सरकत गेला, हे त्यातून काढता येतं, आणि त्यावरून पुढची तपासणी लवकर करावी की उशिरा केली तरी चालेल, हे ठरवता येतं. आम्ही मात्र सगळ्यांना सरसकट एकच मुदत लावून बसलो होतो. चाळीस मास्टर, आठ वर्षं, आलेख काढायचे. काम पुरं होण्याजोगं, उपयोगाचं, आणि चुकलं तरी कुणाचं सर्टिफिकेट चुकणार नाही असं.

पाच कामांवरून मुलं दोन ठरली. संचालकांना दोन हा आकडा फारच किरकोळ वाटला.

कॉलेजशी बोलणं या वेळी पाच महिने आधी सुरू केलं. तेव्हा कळलं की पहिल्या वर्षीची अर्धी भानगड तारखांची होती: आम्ही बोलावलं ते त्यांच्या परीक्षेच्या तोंडावर. कॉलेजला क्रेडिट द्यायचे तर किती तास भरावे लागतात, त्यांचे प्राध्यापक मध्ये एकदा भेटायला येणार का, अहवाल कोणत्या नमुन्यात हवा, हे सगळं त्यांच्याकडे लिहिलेलं होतं. आम्ही मागितलं नव्हतं, त्यांनी दिलं नव्हतं. यातून एक पानाचा करार तयार झाला. त्यात काम काय, शिकायचं काय, तास किती, मार्गदर्शक कोण, आणि तीन सह्या: लॅबची, कॉलेजची, विद्यार्थ्याची. ‘शिकायचं काय’ हा भाग मी मुद्दाम अर्धा रिकामा ठेवला; तो विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यानंतर भरायचा. आल्या दिवशी विचारलं तर सगळे ‘प्रॅक्टिकल नॉलेज’ असंच लिहितात.

ही तिघांची मोट काही नवी नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियंत्याने १९०६ मध्ये विद्यार्थ्यांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली, तेव्हापासून अडचण तीच आहे: कारखान्याला हात हवे असतात, कॉलेजला गुण हवे असतात, आणि मुलाला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं असतं.

मग पैशांचं भांडण. ‘अनुभव देतोय की आपण, वर स्टायपेंड कशाला?’ हा संचालकांचा मुद्दा. माझा मुद्दा असा की फुकट यायचं तर ज्याच्या घरून प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे येतात तोच येणार. हुशार पण हातातोंडाची गाठ असलेला मुलगा अर्जच करणार नाही, आणि आपल्याला ते कळणारही नाही. आमच्या हिशेबनिसांनी मध्यस्थी केली. त्यांनी सांगितलं की पगार, विमा, कामाचे तास यांचे नियम जागोजागी वेगळे असतात, तेव्हा आपल्या वकिलाला विचारल्याशिवाय एकही कागद बाहेर जाऊ देऊ नका. आणि सोबत एक मासला दाखवला. अमेरिकेच्या कामगार खात्याने २०१८ मध्ये, खासगी कंपनीतला विद्यार्थी हा विनावेतन इंटर्न की प्रत्यक्षात कर्मचारी, हे तपासायला सात निकष मांडले. त्यातला एक असा: इंटर्नचं काम पगारी माणसाच्या कामाला पूरक आहे की त्याची जागा घेणारं आहे? सगळ्या निकषांचा रोख एकच, या सौद्यात मुख्य लाभ कुणाचा.

तो नियम आम्हाला लागू नव्हता. पण मी पहिल्या वर्षीचे स्टिकर, झेरॉक्स आणि गेज पुसणं त्या प्रश्नासमोर ठेवून पाहिलं. आमची मदतनीस त्या काळात रजेवर होती, आणि तिचंच काम आम्ही मुलांकडून करून घेतलं होतं. हे बोलून दाखवल्यावर बैठकीत जरा शांतता झाली. स्टायपेंड मंजूर झाला. फार मोठा नाही, पण महिन्याच्या ठरल्या तारखेला मिळणारा.

विमा आणि सुरक्षितता यांवर मात्र वाद झाला नाही. आमच्या डेड वेट टेस्टरवर, म्हणजे वजनं ठेवून नेमका दाब तयार करणाऱ्या यंत्रावर, तेलाचा दाब शेकडो बारपर्यंत जातो. त्याच्याजवळ कोण उभं राहू शकतं आणि कोण नाही, हे एका ओळीत लिहून टाकलं. आम्ही ज्या आयएसओ/आयईसी १७०२५ या, चाचणी आणि कॅलिब्रेशन लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाखाली चालतो त्यातही, माणूस ज्या कामासाठी पात्र ठरवला गेला आहे तेच त्याने करायचं आणि त्याची नोंद ठेवायची, असं आहे. गुप्ततेची अटही त्यात आहे, आणि लॅबच्या वतीने काम करणाऱ्या प्रत्येकाला ती लागते. म्हणजे इंटर्नने गोपनीयतेच्या कागदावर सही करायची, आणि ग्राहकाच्या सर्टिफिकेटवर कधीच करायची नाही.

जाहिरात लिहिताना ‘उत्साही, मेहनती, टीममध्ये काम करणारे’ हे शब्द माझ्या बोटांतून आपोआप आले. खोडले. त्याऐवजी लिहिलं: ‘आठ वर्षांच्या सर्टिफिकेटांमधले आकडे तपासून तक्त्यात भरणे, आलेख काढणे, विसंगती शोधणे. सुरुवातीचे दोन आठवडे बरेचसे काम कंटाळवाणे आहे.’ शेवटच्या वाक्याला सगळ्यांचा विरोध होता. अर्ज कमी आले, पण जे आले ते वाचून आलेले होते.

निवडीसाठी मुलाखत घ्यायचीच होती, पण नुसत्या गप्पांवर माझा विश्वास नाही. श्मिट आणि हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेऊन हेच दाखवलं होतं की सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारलेली मुलाखत सैल गप्पांपेक्षा पुढचं काम बरं सांगते. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं हेही त्यांच्या यादीत वरचं होतं. आम्ही दोन्ही केलं. मुलाखत घेणाऱ्या दोघांनी मिळून तेच सहा प्रश्न सगळ्यांना, आणि त्याआधी अर्धा तास एक काम.

काम असं: एक मायक्रोमीटर, एक गोल पिन. पिनेचा व्यास दहा वेळा मोजा, वाचनं लिहा, आणि काय दिसलं ते दोन ओळींत सांगा. मायक्रोमीटर कसा धरायचा ते आम्ही आधी करून दाखवलं, कारण ते येतं की नाही हे बघायचंच नव्हतं.

पहिल्या मुलाने दहाही वाचनं तंतोतंत एकच लिहिली आणि खाली ‘उत्कृष्ट अचूकता’ असा शेरा. त्याने तीनदा मोजलं होतं, आम्ही काचेतून पाहत होतो. दुसऱ्याची वाचनं इकडेतिकडे होती. त्याने मोठी दोन खोडून टाकली होती. तिसऱ्या मुलीची वाचनंही इकडेतिकडे होती. तिने काहीच खोडलं नव्हतं, आणि खाली लिहिलं होतं: ‘पिन फिरवली की आकडा बदलतोय. मी दाबतेय कमीजास्त की पिनच पूर्ण गोल नाही, ते मला कळत नाही. दुसरी पिन मिळेल का?’

पिन खरंच पूर्ण गोल नव्हती. ते मुद्दाम केलेलं नव्हतं. हाताशी होती ती दिली होती, आणि आम्हालाच त्या दिवशी कळलं. ती मुलगी निवडली. दुसरा निवडला तो एक उंच, अबोल मुलगा. त्यानेही काही खोडलं नव्हतं. बाकीच्यांना आठवडाभरात नकाराची पत्रं गेली, प्रत्येकाला एक ओळ कारणासह. यात माझी एक दुपार गेली आणि मला ती वाया गेल्यासारखी वाटत नाही.

मार्गदर्शक कोण, यावर मी आधी चुकणार होते. लॅबमधला सगळ्यात जाणता हात म्हणजे आमचे काका. वयाने, कामाने, सगळ्यांनीच काका म्हणायचं असे. पहिल्या वर्षी मुलं त्यांच्यामागे उभी राहायची तेव्हा मी पाहिलं होतं: मूल स्क्रू फिरवायला लागलं की काका दोन सेकंद बघायचे आणि ‘थांब, दे इकडे’ म्हणून स्वतः करून टाकायचे. त्यांना ते इतकं सरावाचं झालंय की मधल्या पायऱ्या त्यांना स्वतःलाच दिसत नाहीत. म्हणून रोजचा मार्गदर्शक म्हणून मी चार वर्षांपूर्वी लागलेला एक तंत्रज्ञ घेतला. त्याला आपण काय काय चुकलो होतो हे अजून आठवत होतं. काकांकडे दर बुधवारी एक तास, फक्त प्रश्नांसाठी.

आणि त्या तंत्रज्ञाचे आठवड्यातले सहा तास त्याच्या कामातून कमी केले. यासाठी जितकं भांडावं लागलं तितकं स्टायपेंडसाठीही लागलं नाही. ‘जाता जाता बघेल की तो’, असं प्रत्येक जण म्हणतो. जाता जाता कुणी बघत नाही. त्या सहा तासांचे गेज दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात लिहून झाले तेव्हाच मी मुलांना तारीख कळवली.

पहिल्या दिवशी या खेपेला टेबल, लॉगिन, गॉगल, कपाटाची किल्ली तयार होती. मॅन्युअल दिलं नाही. त्याऐवजी एका कारखान्यातून आलेला एक प्रेशर गेज त्यांना दाखवला आणि सांगितलं, हा आवक टेबलावरून निघून सर्टिफिकेटसह खोक्यात बंद होईपर्यंत याचा पिच्छा सोडायचा नाही. तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत लॅबमधल्या बहुतेक सगळ्यांशी त्यांची ओळख झाली, आणि दुरुस्ती व कॅलिब्रेशन यातला फरक मला सांगावा लागला नाही. गेज काटा अडकून नापास झाला आणि तसाच, नापासाच्या कागदासह, परत गेला. मुलगी म्हणाली, ‘आपण नीट का नाही करून दिला?’ त्यावर काकांनी पाऊण तास भाषण दिलं.

त्याच आठवड्यातला एक प्रसंग. मुलगी १०० मिलिमीटरचा स्लिप गेज मोजत होती. हा म्हणजे पोलादाचा गुळगुळीत ठोकळा, ज्याची लांबी इतकी नेमकी असते की बाकीच्यांनी त्याच्याकडून शिकावं. तिला वाचन आलं १००.००३. तिने पुन्हा मोजलं, १००.००४. ती गेजकडे बघत होती, गेज तिच्या मुठीत होता. काका शेजारीच होते आणि मी बघत होते की त्यांचा हात पुढे येतोय. मी मानेनेच नको म्हटलं. त्यांनी हात खिशात घातला. अक्षरशः खिशात घातला आणि तिथेच ठेवला.

ती खाली ठेवून वही काढायला गेली, मध्ये कुणाशी तरी बोलली, वीसेक मिनिटांनी परत येऊन मोजलं, तर १००.००१. ती थबकली. मग तिने गेजला नुसतं बोट लावलं, मग आपल्या तळहाताकडे बघितलं. ‘काका, हा गरम झाला होता का?’ लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असं ठरलेलं आहे, आणि १०० मिलिमीटर पोलाद दर अंशाला साधारण एक मायक्रॉनहून (मिलिमीटरचा हजारावा भाग) थोडं जास्त वाढतं. हे पुस्तकात तिने वाचलेलं होतं. त्या दिवसापासून तिने हातमोजे आणि चिमटा कधी विसरला नाही. काकांनी नंतर मला सांगितलं की गप्प राहणं त्यांना फार जड गेलं.

दर शुक्रवारी अर्धा तास मार्गदर्शकाबरोबर: काय झालं, कुठे अडलं, पुढे काय. तो त्याच्या वहीत दोन ओळी लिहून ठेवायचा. मला वाटलं आता सगळं रुळावर आहे. पण तो उंच मुलगा दर शुक्रवारी ‘सुरू आहे सर’ एवढंच म्हणायचा, आणि आम्ही ते उत्तर म्हणून धरत होतो.

पाचव्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे मी स्वतः दोघांशी वेगवेगळी बोलले. त्याला म्हटलं, बोलू नकोस, आलेखच दाखव. दाबाच्या मास्टरचा आलेख चार वर्षं सरळ चालत होता आणि पाचव्या वर्षी एकदम दोन टक्के खाली. दोन टक्के म्हणजे मास्टरच्या बाबतीत भूकंप. तो म्हणाला, ‘मॅडम, हे मला नऊ दिवसांपूर्वी दिसलं. मास्टर बिघडलाय असं वाटलं. म्हणजे त्यानंतरची तुमची सगळी सर्टिफिकेटं चूक. हे कसं सांगायचं ते कळेना.’

नऊ दिवस तो मुलगा आमची सगळी लॅब खोटी ठरल्याचं ओझं घेऊन येत-जात होता.

सर्टिफिकेटं काढून बघितली. आधीच्या चार वर्षांत वरच्या लॅबने दाब किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये दिला होता, पाचव्यापासून बारमध्ये. एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.९८०६६५ बार. तेच ते दोन टक्के. रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात एकक बदललेलं होतं. मास्टर ठणठणीत होता. मुलाचा चेहरा बघून मला हसावं की माफी मागावी कळेना. शेवटी माफीच मागितली. ‘आमच्या आकड्यात चूक दिसली तर कुणाकडे जायचं’ हे आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी नियम केला: एक तास स्वतः झुंजायचं, मग विचारायचं. आणि मालकाची चूक दाखवावी लागत असेल तर तासही थांबायचं नाही.

त्या बोलण्यातच मुलीकडून दुसरी गोष्ट निघाली. आमचा एक सहकारी तिला स्वतःची बँकेची कामं सांगत होता. तिने मार्गदर्शकाला सांगितलं नव्हतं कारण दोघं मित्र. तेव्हापासून करारात मार्गदर्शकाव्यतिरिक्त आणखी एक नाव असतं, तक्रारीसाठी. हे मला आधी सुचायला हवं होतं, त्याबद्दल अधिक काही लिहीत नाही.

शेवटच्या आठवड्यात दोघांनी सगळ्या लॅबसमोर आलेख मांडले. काका पहिल्या रांगेत. चाळीसपैकी बहुतेक मास्टर जागेवर होते. दोन इतके स्थिर निघाले की त्यांची मुदत वाढवता येत होती, आणि एक थर्मामीटर दरवर्षी एकाच बाजूला सरकत होता, त्याची मुदत कमी करायला हवी होती. तो निर्णय अर्थात आमच्या अधिकृत माणसांनी आकडे पुन्हा तपासून घेतला आणि सही त्यांची. पण टिपणात काम कुणी केलं ते लिहिलं आहे.

निघतानाची यादी वेगळी केली होती, कारण पहिल्या वर्षीच्या मुलांची लॉगिन खाती दुसऱ्या वर्षापर्यंत चालू होती, हे ऑडिटरने दाखवलं होतं. किल्ल्या, खाती, फायली कुठे ठेवल्या त्याची नोंद. पुढे नोकरीच्या अर्जात त्यांना काय दाखवता येईल, तेही ठरवून दिलं: आलेख चालतील, ग्राहकांची आणि वरच्या लॅबची नावं काढून. प्रमाणपत्रावर ‘इंटर्नशिप यशस्वीरीत्या पूर्ण केली’ या एका ओळीऐवजी काय केलं ते चार ओळींत. कॉलेजचा फॉर्म भरायला मला तासभर लागला, मार्गदर्शकाची वही शेजारी उघडी ठेवून. उंच मुलाला ‘संवाद’ या रकान्यात तीन दिले आणि का दिले ते त्याला समोर बसवून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, ‘तेव्हा दोनच होते मॅडम.’

संचालकांना सादरीकरण फार आवडलं. पुढच्या वर्षी सहा घेऊया म्हणाले. मी विचारलं, मार्गदर्शकांचे आठवड्याला अठरा तास कुठून आणू? ते म्हणाले बघू. सध्या आकडा तीनवर अडकलाय.

चिठ्ठ्यांचा खोका पुन्हा ठेवला आहे. काकांनी आजवर त्यात कधी काही टाकलं नव्हतं. काल उघडला तर त्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी: ‘डेड वेट टेस्टरचं सील बदलताना प्रत्येक पायरीचे फोटो काढून लिहून ठेवायला कुणीतरी हवं. मी दोन वर्षांनी निवृत्त होतोय. मी हात खिशात ठेवीन.’ ती चिठ्ठी गाळणीच्या चारही प्रश्नांतून सुटली. रोजचा मार्गदर्शक कोण, तो रकाना मात्र अजून रिकामा आहे.